म्हशींच्या वाडीतला मांजरांचा दवाखाना

लिटिल इंडिया हा भाग मुळात जनावरांचाच. आपण टेक्का मार्केटात कोथिंबीर आणि बांगडे घ्यायला जातो तो रस्ता बफेलो रोड, त्याच्या शेजारचा कर्बाऊ रोड, आणि मलाय भाषेत कर्बाऊ म्हणजे पुन्हा म्हैसच. एकोणिसाव्या शतकात इथे पाणथळ जमीन होती, गवत मुबलक होते, म्हणून गुरांचे व्यापारी आणि गवळी इथे वसले. बेलिलिओस रोड हे नाव अशाच एका गुरांच्या व्यापाऱ्याचे आहे. रेस कोर्स रोडच्या बाजूला घोड्यांच्या शर्यती होत. १९३३ साली त्या बुकित तिमाहला गेल्या. आपल्यापैकी अनेकांची मुले ज्या केके हॉस्पिटलात जन्मली त्याचे मूळ नाव कांदांग कर्बाऊ, म्हणजे चक्क म्हशींचा गोठा! माझी मुलगी जन्मली तेव्हा मला हा अर्थ ठाऊक नव्हता. तिच्या आजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तो कळला तेव्हा मात्र मनापासून आनंद झाला. वाळवा तालुक्यातल्या शेतकऱ्याला याहून चांगले जन्मस्थान कुठले सापडणार?

तर या जुन्या म्हशींच्या वाडीत, एका शॉपहाऊसच्या तळमजल्यावर, कुत्र्यामांजरांचा एक लहानसा दवाखाना आहे. तपासणीच्या दोन खोल्या, मागे एक शस्त्रक्रियेची खोली, क्ष-किरण यंत्रासाठी कपाटाएवढी जागा आणि पिंजऱ्यांच्या दोन रांगा. दोन डॉक्टर, तीन परिचारिका. गेल्या वर्षभरात माझे तिथे इतके जाणे-येणे झाले की अशा दवाखान्यात नेमके काय होते, काय होऊ शकत नाही, आणि ते आपण वेळेवर का जाणून घ्यावे, याविषयी चार गोष्टी लिहाव्यात असे वाटले. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत आता मांजर आले आहे. त्याचे कारण उघड आहे. एचडीबीच्या घरांत मांजर पाळायला पूर्वी बंदी होती. १ सप्टेंबर २०२४ पासून ती उठली. आता एका घरात दोन मांजरे ठेवता येतात, मात्र मायक्रोचिप बसवून परवाना काढावा लागतो. आधीपासून गुपचूप मांजर पाळणाऱ्यांना सवड मिळावी म्हणून ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतचा संक्रमणकाळ ठरवण्यात आला. कुत्र्यांचे नियम निराळे आहेत: घरटी एक, आणि तोही ठरावीक लहान जातींपैकी किंवा सरकारी योजनेतून दत्तक घेतलेला.

आमच्याकडे आला तो बंड्या. नारिंगी बोका, सिंगापूरच्या पुष्कळ गल्लीतल्या मांजरांसारखी शेपटीला गाठ असलेला, आणि डाव्या कानाचे टोक कापलेला. हे कापलेले टोक म्हणजे नसबंदी झाल्याची खूण. रस्त्यावरचे मांजर पकडायचे, शस्त्रक्रिया करायची, खूण करून परत सोडायचे, असे काम इथले स्वयंसेवक वर्षानुवर्षे करत आले आहेत.

आता मुख्य प्रसंग सांगतो. दिवाळीचे दिवस होते. सासू-सासरे आले होते, घर पाहुण्यांनी भरले होते, मुलीच्या मैत्रिणी, फराळ, आकाशकंदील. शनिवारी संध्याकाळी बंड्या वाळूच्या डब्यात सारखा जाऊन बसू लागला. बसायचा, जोर करायचा, बाहेर यायचा, पुन्हा जायचा. मी संगणकाचा माणूस. थोडा शोध घेतला आणि निदान करून मोकळा झालो: बद्धकोष्ठ. उपाय म्हणून कोमट दुधात तूप घालून दिले. त्याने हुंगले आणि तोंड फिरवले. मी म्हटले, सकाळी बघू.

सकाळी सासरे चहाचा कप घेऊन डब्याशेजारी बसले होते. ते म्हणाले, "जावईबापू, ह्याचं पोट साफ व्हायचं ऱ्हायलंय असं न्हाई. ह्याचं लघवीचं तुंबलंय. आमच्या खिलारी बैलाला असंच झालतं. मुतखडा."

वाचकहो, एक कबुली देतो. माझी डॉक्टरेट नळीतून वाहणाऱ्या द्रवांवर आहे. पोटासाठी नंतर सॉफ्टवेअरकडे वळलो ती गोष्ट वेगळी, पण प्रबंधाची पाच वर्षे मी नळ्या, दाब आणि अडथळे यांखेरीज दुसरे काही पाहिले नव्हते. आणि माझ्याच घरात तुंबलेली नळी मला ओळखता आली नाही. सातवी शिकलेल्या शेतकऱ्याने ती डब्याकडे पाहून ओळखली.

असे का होते ते सांगतो, कारण हे ज्याच्या घरी बोका आहे त्याने जाणून घेतलेच पाहिजे. मांजरीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते. बोक्याची लांब, आणि टोकाकडे अगदी अरुंद. अरुंद नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाचा नियम असा की प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाखाली प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. त्यामुळे थोडीशी सूज, थोडासा चिकट स्राव आणि वाळूसारखे बारीक स्फटिक एवढे जमले की मार्ग बंद व्हायला वेळ लागत नाही. मांजर हा मूळचा कोरड्या प्रदेशातला प्राणी. पाणी कमी पितो आणि मूत्र फार दाट करतो. त्यात आपण त्याला कोरडा खाऊ घालतो. शिवाय मांजराच्या मूत्राशयाचा दाह मानसिक ताणानेही होतो, ही गोष्ट पशुवैद्यकात आता सर्वमान्य आहे. दहा पाहुणे आणि आकाशकंदील एवढा ताण बंड्याला पुरेसा होता. बैलाचेही तसेच आहे. खच्ची केलेल्या बैलाची मूत्रनलिका अरुंद राहते आणि तिला इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वळण असते, खडा तिथेच अडकतो. सासऱ्यांचे निदान म्हणजे अंदाजाने मारलेला दगड नव्हता.

मार्ग बंद झाला की काय होते? मूत्रपिंडे गाळत राहतात, पण माल जायला जागा नाही. दाब उलटा मूत्रपिंडांवर येतो, गाळणे थांबते, आणि रक्तात युरिया, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम साठू लागते. यातले पोटॅशियम सर्वांत घातक. हृदयाच्या स्नायूंची विद्युत्-व्यवस्था पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या पोटॅशियमच्या फरकावर चालते. बाहेरचे वाढले की ठोके मंदावतात, आलेख बिघडतो आणि शेवटी हृदय थांबते. पूर्ण अडथळ्यानंतर एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. मी दूध-तूप देऊन त्यातले बारा तास घालवले होते.

रविवारी दवाखाना दुपारी एकपर्यंत उघडा असतो. आम्ही साडेनऊला पोचलो. डॉक्टरीणबाईंनी बंड्याच्या पोटावर हात ठेवला, आणि संत्र्याएवढे टणक मूत्राशय त्यांच्या हाताला लागले. त्या पुढची पाच मिनिटे माझ्याशी काही बोलल्या नाहीत. हृदयाचे ठोके मिनिटाला ११०. मांजराचे साधारण १४० ते २२० असतात, आणि घाबरलेल्या मांजराचे तर वरच्या टोकाला. म्हणजे इतक्या घाबरलेल्या प्राण्याचे ११० ठोके ही चांगली गोष्ट नव्हती. पायात सुई गेली, रक्ताचे काही थेंब यंत्रात गेले, दहा मिनिटांत आकडा आला: पोटॅशियम ८.१. निरोगी मांजरात ते साडेपाचच्या आत असते.

इथे मला या लहान दवाखान्याची खरी किंमत कळली. पूर्वी रक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवून दुसऱ्या दिवशी अहवाल येई. आता टेबलावरचे यंत्र तिथल्या तिथे आकडे देते, आणि उपचारांचा क्रम त्या आकड्यांवर ठरतो. मला वाटले होते की आधी नळी मोकळी करतील. तसे नाही. आधी हृदय सांभाळायचे. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिले. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, पण हृदयाला काही काळ संरक्षण मिळते. मग सलाईन, मग ग्लुकोज आणि इन्सुलिन, ज्यामुळे पोटॅशियम पेशींच्या आत ढकलले जाते. ठोके दीडशेपर्यंत आल्यावरच भूल दिली, बारीक नळी आत सारली आणि मिठाच्या पाण्याच्या दाबाने अडथळा मागे लोटला. मूत्र आले ते लालसर होते. क्ष-किरणात मोठा खडा दिसला नाही. नुसते स्फटिक आणि चिकट बोळा. नळी टाक्याने तिथेच बसवून तिला पिशवी जोडली.

मग त्यांनी मला बसवून दुसरी गोष्ट सांगितली, आणि तीही मला महत्त्वाची वाटते. त्या म्हणाल्या, आम्ही एवढेच करू शकतो. रात्री इथे कुणी नसते. अडथळा निघाल्यावर मूत्रपिंडे साठलेले सगळे बाहेर टाकू लागतात, मूत्राचा पूर येतो, आणि जेवढे जाते तेवढे सलाईन शिरेतून भरत राहावे लागते. दर दोन-चार तासांनी मोजमाप हवे. म्हणून त्यांनी स्वतः फोन करून बंड्याला चोवीस तास चालणाऱ्या मोठ्या इस्पितळात पाठवले, सोबत आकड्यांचा कागद दिला. तिथे तो तीन रात्री राहिला. आपल्याला वाटते, लहान दवाखाना म्हणजे कमी प्रतीचा. खरे तर कुठे थांबायचे हे ज्याला कळते तो लहान दवाखाना चांगला. तुमच्या दवाखान्याला पहिल्या भेटीतच विचारून ठेवा: रात्री काय करता, रुग्ण कुठे पाठवता? तो पत्ता फ्रिजवर लावा. आमच्या फ्रिजवर तो आता गणपतीच्या चित्राखाली आहे.

खर्चाचे बोलायला आपण मराठी माणसे लाजतो, पण बोलू या. इथे प्राण्यांच्या उपचारांना सरकारी अनुदान नाही, आणि बिलावर जीएसटी, २०२४ पासून ९ टक्के, तो वेगळा. चांगला दवाखाना उपचारांआधी कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा अंदाज लिहून देतो. तो मागण्यात कमीपणा नाही. विमा मिळतो, पण आधीच झालेला आजार त्यात सहसा धरत नाहीत, म्हणजे बंड्याच्या मूत्रमार्गाला आता विमा नाही. पिल्लू घरी आल्याबरोबर विचार करायचा तो म्हणूनच.

बाकी सेवांबद्दल थोडे भराभर सांगतो. लसी: कुत्र्याला डिस्टेंपर, पार्वो, यकृतदाह आणि उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो, मांजराला पॅनल्युकोपेनिया आणि सर्दीचे दोन विषाणू. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस देतात. एकच पुरत नाही का, असे मीही विचारले. आईच्या दुधातून आलेली प्रतिद्रव्ये लसीलाच निकामी करतात आणि ती नेमकी कधी संपतील हे सांगता येत नाही. म्हणून ती संपल्यानंतर निदान एक डोस पडेल अशी ही व्यवस्था आहे. रेबीजची लस इथे रोजची नाही, कारण सिंगापूर १९५३ पासून रेबीजमुक्त आहे. पण प्राणी भारतात न्यायचा किंवा तिकडून आणायचा तर तीच लस सर्वांत महत्त्वाची. आणताना लसीनंतर रक्तातील प्रतिद्रव्यांची तपासणी करतात, ती मिलिलिटरला किमान ०.५ एकक भरावी लागते, आणि वर विलगीकरण आहेच. नेताना भारताच्या पशु विलगीकरण सेवेचे ना हरकत पत्र लागते. ही कागदपत्रे दवाखाना करून देतो, पण किमान सहा महिने आधी विचारा. बदलीचा हुकूम आल्यावर पळापळ करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

नसबंदीबद्दल आपल्या घरांत एक नाराजी असते. सासूबाईंनीही विचारले, "कशाला त्या मुक्या जिवाला?" मादी कुत्रीच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा आजार पुष्कळ जणींना होतो आणि तो प्राणावर बेततो. लवकर शस्त्रक्रिया केल्यास तो टळतो, स्तनांच्या गाठीही कमी होतात. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत मात्र फार लवकर केल्याने सांध्यांचे त्रास वाढू शकतात, तेव्हा वय डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

भुलेची भीती सर्वांनाच असते. मी अभियंता, म्हणून आकडा मागितला. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत सुमारे ०.१७ टक्के आणि मांजरांत ०.२४ टक्के निघाले, आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यावर, शुद्धीवर येण्याच्या काळात झाले होते. तेव्हा दवाखान्याला यंत्रांबद्दल विचारण्याआधी हे विचारावे: जाग येईपर्यंत त्याच्याजवळ कोण बसते? आमच्या दवाखान्यात एक परिचारिका मांजराला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलेली मी स्वतः पाहिली आहे. दात साफ करण्यासाठीही पूर्ण भूल लागते. भूल न देता दात घासून देणारे भेटतात, पण रोग हिरडीच्या खाली असतो आणि जागा प्राणी तिथे हत्यार लावू देत नाही.

आता उष्ण हवेचे आजार. इथे हिवाळा नसल्यामुळे डास आणि गोचीड बारा महिने. डासांमधून कुत्र्याच्या हृदयात जंत जातात. दरमहा गोळी दिली तर टळते, झाल्यावरचा उपचार लांबलचक आणि धोक्याचा. तपकिरी गोचिडीमुळे बॅबेसिया आणि एर्लिकिया हे रक्ताचे आजार होतात. बागेतून फिरून आल्यावर कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवून बघायची सवय लावा. कुत्रा सुस्त, हिरड्या पांढुरक्या, असे दिसले की त्याच दिवशी रक्त तपासा.

आणि स्वयंपाकघर! या एका बाबतीत मी मंडळाच्या भगिनींची आणि बंधूंचीही खास क्षमा मागून बोलतो, कारण आपल्या प्रेमाची भाषा म्हणजे खाऊ घालणे. कांदा-लसूण, कच्चा असो वा फोडणीतला, कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो. बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. बरीच वर्षे याचे कारण कळत नव्हते. अलीकडे बोट टार्टारिक आम्लाकडे दाखवले जाते, आणि ते चिंचेतही भरपूर असते. म्हणजे रव्याचा लाडू आणि आमटी-भात दोन्ही वर्ज्य. घरातल्या औषधांत सर्वांत भयंकर पॅरासिटामॉल. मांजराच्या यकृतात ते निरुपद्रवी करणारे विकर फार कमी असते. माणसाची एक साधी ५०० मिलिग्रॅमची गोळी मांजराला मारू शकते. ताप आला म्हणून कणभर देऊ, हा विचारसुद्धा करू नका. तसेच लिलीची फुले. बफेलो रोडवरून मोगऱ्याचे गजरे खुशाल आणा, पण ज्या घरात मांजर आहे तिथे लिलीचा गुच्छ नको. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडे जातात.

म्हाताऱ्या मांजरांबद्दलही एक वाक्य. क्रिएटिनिन वाढलेले दिसते तेव्हा मूत्रपिंडांचे सुमारे तीन चतुर्थांश काम आधीच गेलेले असते. सात-आठ वर्षांनंतर दरवर्षी रक्त-लघवी तपासायची ती यासाठी. पाणी जास्त पिणे आणि वजन उतरणे या खुणा घरातल्या माणसालाच आधी दिसतात. डॉक्टरांना मांजर वर्षातून दहा मिनिटे भेटते.

शेवटची सेवा म्हणजे वेदना संपवण्याची. आपल्याकडे या विषयावर बोलत नाहीत. एकदा औषध घ्यायला गेलो असता मी एका वयस्क चिनी गृहस्थांना बाकावर रिकामा पट्टा मांडीवर घेऊन बसलेले पाहिले. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसल्या, बराच वेळ, आणि बाहेर थांबलेल्या आम्हा चौघांपैकी कुणीही घड्याळाकडे पाहिले नाही. ही भुलेच्या औषधाची मोठी मात्रा असते, प्राणी आधी झोपतो आणि मग हृदय थांबते, एवढे मी नंतर विचारून घेतले. बंड्यासाठी त्या रविवारी तो प्रश्न किती जवळ आला होता, हेही विचारले. त्या म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत आला असता.

बंड्या आता ओला खाऊ खातो. घरात पाण्याची तीन भांडी आहेत, वाळूचे डबे दोन, म्हणजे मांजरांपेक्षा एक जास्त, आणि पाहुणे आले की त्याच्यासाठी आतली खोली मोकळी ठेवतो. हे पुन्हा होऊ शकते. पुन्हा पुन्हा झाले तर मूत्रमार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया आहे, ती मोठ्या इस्पितळात.

परत जाण्याआधी सासऱ्यांनी दवाखाना पाहायची इच्छा दाखवली. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बैल उभा करायचा लाकडी खोडा असतो, तो इथे कुठे आहे, हे त्यांना बघायचे होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मांजर गुंडाळायचा टॉवेल दाखवला. निदान यांनी केले, असे मी सांगितल्यावर त्यांनी खिलारी बैलाचे पुढे काय झाले ते विचारले. मी दुभाषा. सासरे म्हणाले, शिरवळच्या कॉलेजातून डॉक्टर आला होता, पण आम्हीच उशीर केला होता.

आता दर रविवारी इस्लामपूरहून फोन येतो. नातीची चौकशी दुसरी. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मुततोय का नीट?"